दिवाळीच्या उटण्यातली जटामांसी : यंदा घालावी की वगळावी?

सई रामबाग (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. इंदूरमधील आमच्या महिला मंडळात दरवर्षी नवरात्र उठले की दिवाळीच्या उटण्याची तयारी सुरू होते. कृती सासूबाईंच्या माहेरची, म्हणजे देवासची आहे. मसुराच्या डाळीचे पीठ, आंबेहळद, गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा, अनंतमूळ, संत्र्याची वाळवलेली साल, गुलाबपाकळ्या आणि जटामांसी असे सगळे जिन्नस त्यात पडतात. कुटून, वस्त्रगाळ करून पुड्या बांधायच्या आणि ओळखीपाळखीत विकायच्या, असा आमचा क्रम असतो.

यंदा सामानाची यादी माझ्या भाचीच्या हाती पडली. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. यादी वाचून ती म्हणाली, "मावशी, यातली एक वनस्पती धोक्याच्या यादीत वाघाच्याही वर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?" आम्हा कोणालाच ते ठाऊक नव्हते. जटामांसी म्हणजे दुकानातून कागदात बांधून येणारी केसाळ मुळी, एवढीच आमची ओळख. तिला फूल येते आणि ते हिमालयात बर्फाच्या शेजारी फुलते, हेही मला त्या दिवशी प्रथम कळले.

मंडळात दोन तट पडले आहेत. काहींच्या मते ती वगळावी. काहींचे म्हणणे असे, की आपल्या एवढ्याशा उटण्याने हिमालयाचे काय बिघडणार आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. ही वनस्पती नेमकी कशी आहे, बाजारात येणारी मुळी रानातली असते की लागवडीची, आणि तिला खरोखरच पर्याय आहे का, हे समजून घेऊनच निर्णय करावा, असा विचार आहे.

पानफूल

सईताई, आपल्या भाचीने सांगितले ते बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत वाघ 'संकटग्रस्त' वर्गात आहे. जटामांसीची नोंद मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यांकनात 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली, आणि त्यापुढची पायरी म्हणजे रानातून नामशेष होणे. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तिचे शास्त्रीय नाव नार्डोस्टॅकिस जटामांसी. जुन्या पुस्तकांत हीच वनस्पती नार्डोस्टॅकिस ग्रँडिफ्लोरा या नावाने सापडते. उत्तराखंड, नेपाळ, सिक्कीम, भूतान आणि चीनचा नैर्ऋत्य भाग या पट्ट्यात, साधारण ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर, जिथे झाडांची हद्द संपते आणि गवताळ उतार व खडकांच्या खाचा सुरू होतात तिथे ती वाढते. रोप लहानखुरे, वीतभर ते फार तर दीड-दोन फूट उंच असते. बुडाशी लांबट, अरुंद पाने असतात आणि त्यांच्यामधून निघालेल्या दांड्याच्या टोकाशी फुलांचे गुच्छ येतात. एकेक फूल जेमतेम सेंटिमीटरभर असते. त्याचा रंग फिकट गुलाबी ते जांभळट, आकार नळीचा, आणि नळीचे तोंड पाच पाकळ्यांत उघडलेले असते. भिंगाखाली धरले तर नळीच्या आत बारीक लव दिसते आणि चार पुंकेसर बाहेर डोकावताना दिसतात. फुलांचा बहर जुलै-ऑगस्टमध्ये असतो, तर बी पिकते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. हे महिने लक्षात ठेवावेत, कारण सगळा घोटाळा त्यांच्यातच आहे.

आपण जिला मुळी म्हणतो, ती खरे तर जमिनीतली खोडाची गाठ, म्हणजे मूलकांड आहे. दरवर्षी पाने वाळतात, पण त्यांच्या देठांचे तंतू गळून न पडता मूलकांडाभोवती राहतात आणि वर्षानुवर्षे एकावर एक चढत जातात. त्यामुळे ते खारीच्या शेपटीसारखे तांबूस-तपकिरी आणि झुपकेदार दिसते. सुगंध या मूलकांडात असतो, म्हणून मागणीही त्यालाच आहे. तुळशीची पाने खुडली तरी तुळस जगते. जटामांसीचे मूलकांड काढले की रोपच संपते. त्या उंचीवर वर्षातले निम्मे दिवस जमीन बर्फाखाली असल्यामुळे वाढीला मोजके महिने मिळतात आणि काढण्याजोगे मूलकांड तयार व्हायला अनेक वर्षे जातात.

मारोठियाकर

माझे मारोठिया बाजाराच्या बाजूला काष्ठौषधींचे दुकान आहे. वडिलांच्या काळापासून जटामांसी विकतो, म्हणून बाजाराची बाजू मांडतो.

माळव्यात औषधी मालाची कमतरता नाही. नीमचच्या मंडीत अश्वगंधा, इसबगोल, कलौंजी असा आपल्याच भागातल्या शेतांतला माल येतो. जटामांसी मात्र त्या वाटेने येत नाही. तिचा बहुतेक माल मूळचा नेपाळचा असतो. जुम्ला, हुम्ला, मुगू, डोल्पा या पश्चिमेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांत तो गोळा होतो, खाली नेपाळगंजसारख्या ठिकाणी येतो, सीमा ओलांडतो आणि मग दिल्लीच्या खारी बावलीतून इंदूरला पोहोचतो. एवढ्या हातांतून आलेल्या गोणीवर माल रानातला की शेतातला हे लिहिलेले नसते. मी विचारतो तेव्हा समोरचा व्यापारी हसतो आणि विषय बदलतो. लागवडीची जटामांसी म्हणून कागदपत्रांसह माल आजवर माझ्याकडे कोणी आणलेला नाही, त्यामुळे तो रानातलाच आहे असे धरून चालावे.

दुसरी गोष्ट भेसळीची. माल दुर्मीळ झाला की त्यात काय काय मिसळले जाते, ते गोणी उपसताना दिसते. माती आणि खडे तर असतातच. त्याशिवाय भूतकेशीची मुळे येतात, त्यांनाही वरून तंतू असतात, पण वास वेगळा असतो. कधी तगर येते. तिच्या गाठीवर केस नसतात, आडवी वलये आणि बारीक मुळ्या असतात, आणि ती फोडली तर आत कठीण लागते. खऱ्या जटामांसीचा तंतूंचा झुपका बोटाने मागे सारला की आतले कांड अगदी बारीक निघते. पुष्कळ गिऱ्हाइके झुपका बघून भाव करतात. वास असतो तो आतल्या त्या बारीक कांडात, पण ते कोणी बघत नाही.

कुटून आलेल्या पुडीत हे काहीच ओळखता येत नाही. म्हणून तयार जटामांसी चूर्ण घेऊ नये, असे मी माझ्या दुकानात उभे राहूनही सांगतो.

वैद्य ग्वाल्हेर

आयुर्वेदाच्या अंगाने थोडी भर घालतो. चरकसंहितेत संज्ञास्थापन द्रव्यांमध्ये, म्हणजे शुद्ध हरपलेल्या रुग्णाला भानावर आणणाऱ्या द्रव्यांमध्ये, 'जटिला' या नावाने जटामांसी येते. पुढच्या निघंटूंनी, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांनी, तिला मेध्य, म्हणजे बुद्धीला हितकर, म्हटले आहे आणि कांती देणारीही म्हटले आहे. उटण्यात ती शिरली ती या दुसऱ्या गुणामुळे आणि अर्थातच सुगंधामुळे.

माझ्या चिकित्सेत मी जटामांसी वापरतो. निद्रानाशात, मनाच्या अस्वस्थतेत तिचा फांट, म्हणजे गरम पाण्यात भिजवून गाळलेला अर्क, देतो, मात्राही अल्प असते, आणि तिच्या जागी दुसरे काही द्यायचे झाल्यास मला रुग्ण पाहून पुन्हा विचार करावा लागतो. उटण्याचे तसे नाही. ते अंगाला लावून पाच-दहा मिनिटांत धुतले जाते. त्वचेवरचा मळ आणि तेल काढण्याचे काम डाळीचे पीठ करते, वर्णाचे काम आंबेहळद आणि अनंतमूळ करतात. जटामांसी तेथे गंधासाठी आहे, आणि गंधाला पर्याय असतात. औषध म्हणून जे द्रव्य दुर्मीळ आहे ते न्हाणीघरातून वाहून जाऊ द्यावे का, हा प्रश्न मला आजपर्यंत कोणी विचारला नव्हता. मंडळाने विचारला, याचा मला आनंद आहे.

शंकेखोर

मी विरोधी पक्षाची भूमिका घेतो, कारण येथे सर्वांचे एकमत फार लवकर होताना दिसते आहे.

पहिली शंका. सईताईंच्या मंडळाला वर्षाला जटामांसी लागून लागून किती लागत असेल? पाव किलो, अर्धा किलो? दुसरीकडे केशतेले, साबण, अगरबत्ती, अत्तरे आणि औषधे बनवणारे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या गोणींपुढे आपली पुडी म्हणजे काहीच नव्हे. आपण वगळून केवळ मनाचे समाधान मिळवायचे, याला मी उपाय म्हणणार नाही.

दुसरी शंका. ही मुळी दोन हजार वर्षे विकली जाते आहे. मग ती गेल्या काही दशकांतच एकाएकी संकटात कशी आली?

पानफूल

शंका योग्य आहेत. आधी दुसरीचे उत्तर देतो.

वनस्पती संपते ती केवळ किती काढली यावर नव्हे, तर केव्हा काढली आणि परत तिथे किती वर्षांनी आलो यावरही. जुन्या काळी डोंगरातले लोक आपापल्या ठरलेल्या भागांत, बी झडल्यानंतर, शरद ऋतूत खणत. मोठी मूलकांडे घ्यायची, लहान राहू द्यायची आणि त्या उताराला काही वर्षे विश्रांती द्यायची, अशी रीत पाळली तर तिथे पुन्हा रोपे उभी राहतात. भाव चढला, रस्ते वर गेले आणि बाहेरून टोळ्या येऊ लागल्या, तेव्हा ही रीत मोडली. मी थांबलो तर दुसरा खणून नेईल, या भीतीने लोक ऑगस्टमध्येच, फूल असतानाच, खणू लागले. त्या वर्षीचे बी पिकण्याआधीच आई नाहीशी झाली, म्हणजे पुढची पिढीही गेली. नेपाळच्या शे-फोक्सुंडो राष्ट्रीय उद्यानात संशोधकांनी मोकळे गवताळ उतार आणि खडकाळ जागा अशा दोन वेगळ्या अधिवासांत जटामांसी काढण्याचा परिणाम अभ्यासला. सगळीकडे एकच नियम लावून चालत नाही, ही त्या कामातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जागा बदलली की रोपांच्या सावरण्याचा वेगही बदलतो.

यात हवामानाची भर पडली आहे. उष्णता वाढली तर सखल भागातल्या वनस्पतीला वर सरकायला डोंगर असतो. जी आधीच माथ्याजवळ आहे तिला वर सरकायला जागाच उरत नाही.

आता पहिली शंका. कारखान्यांचा वाटा मोठा आहेच, आणि त्यावर कायद्याने अंकुश हवा, यात वाद नाही. पण वाळल्यानंतर एका रोपाचे मूलकांड काही ग्रॅमच भरते. म्हणजे आपण जिला पुडी म्हणता, तिच्यात उताराचा एक चांगलाच तुकडा बसतो. दिवाळीच्या तोंडावर मराठी घरांतून, मंडळांतून, बचतगटांतून अशा किती पुड्या बांधल्या जातात, याचा विचार करून पाहावा. माझा निकष सोपा आहे. जिथे पर्याय आहे तेथून ही वनस्पती आधी काढून घ्यावी, म्हणजे जिथे पर्याय नाही तेथे ती थोडी अधिक काळ पुरेल. वैद्यबुवांनी वर केलेला भेद मला म्हणूनच पटतो.

महूचा फौजी

मी सैन्यातून निवृत्त होऊन महूला स्थायिक झालो आहे. नोकरीतला काही काळ जोशीमठच्या वरच्या भागात गेला. मी शास्त्रज्ञ नाही, पण ही वनस्पती मी जिवंत पाहिली आहे, म्हणून लिहितो.

तिकडे उंचावरच्या कुरणांना बुग्याळ म्हणतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती फुलांनी भरून जातात आणि त्या गर्दीत जटामांसी मुळीच उठून दिसत नाही. आमच्याबरोबरच्या गढवाली जवानाने दाखवली तेव्हा गुडघे टेकून पाहावी लागली. फुलाला मंद वास होता, पण पानांच्या बुडाशी माती थोडी उकरली आणि बोटे नाकाशी नेली तेव्हा एकदम आजीच्या तेलाच्या बाटलीचा वास आला. जवानाने माती पुन्हा सारखी करून वरून दगड ठेवला.

त्याच उताराच्या पलीकडच्या अंगाला खणलेला भाग होता. कुदळीने काढलेले वीत-वीतभर खोल खड्डे, कडेला उलथून पडलेली गवताची ढेकळे आणि त्यांतून ओघळ काढत खाली गेलेले पावसाचे पाणी. जटामांसी तर तेथून गेलीच होती, पण तिच्याबरोबर गवताचे आवरणही फाटले होते. एवढ्या उंचीवर मातीचा थर पातळ असतो, आणि तो एकदा सुटला की त्यावर पुन्हा गवत धरायला फार काळ लागतो. खणणारे लोक श्रीमंत नव्हते, हेही सांगतो. ताडपत्रीखाली राहत होते आणि मीठ-भातावर दिवस काढत होते.

सयाजीबाग

बडोद्याहून लिहितो आहे. सुगंधी द्रव्यांच्या रसायनशास्त्रात नोकरी झाली, त्यामुळे या मुळीशी माझा संबंध तेलाच्या बाजूने आला.

मूलकांडातून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघणारे तेल साधारण एक ते दोन टक्के असते, म्हणजे शंभर किलो वाळलेल्या मुळीतून एक-दोन किलो. जटामांसोन हा त्यातला एक प्रसिद्ध घटक. तेल जड, मातकट, किंचित कडवट गोडसर वासाचे असते आणि ते मिश्रणातल्या हलक्या वासांना धरून ठेवते. भूमध्य समुद्राकडच्या देशांत हेच 'नार्ड' म्हणून गाजले. बायबलातील शुभवर्तमानांत येशूला ज्या नार्डच्या सुगंधी तेलाने अभ्यंग केला, त्याची किंमत तीनशे दिनार होती असे म्हटले आहे, आणि एक दिनार ही तेव्हाची मजुराची दिवसाची मजुरी मानली जाते. शंकेखोर यांच्या दोन हजार वर्षांच्या मुद्द्याला माझे उत्तर हेच. तेव्हा ती राजेरजवाड्यांची आणि धनिकांची वस्तू होती, आज तिच्या नावाच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात जटामांसी १९९७ पासून आहे. याचा अर्थ व्यापार पूर्ण बंद असा नाही, तर परवान्याविना देशाबाहेर पाठवता येत नाही, असा आहे. भारताने १९९८ साली रानातून गोळा केलेल्या २९ वनस्पती व वनस्पतिगटांच्या निर्यातीला मनाई केली, त्यांत ती होती. पण सायटीसच्या नोंदीत एक मोठी फट आहे. किरकोळ विक्रीसाठी बांधून तयार झालेला माल तिच्यातून वगळला आहे. कच्ची मुळी आणि पिंपातले तेल नियमाखाली येते, सुंदर खोक्यातली बाटली येत नाही. मला ही सवलत कधीच समजली नाही. मुळी उपटली जाते ती शेवटी त्या बाटलीसाठीच ना?

आता सईताईंच्या उपयोगाचे. गंध बांधून ठेवण्याचे जे काम जटामांसी करते, तेच वाळा आणि नागरमोथाही करतात. दोन्हींच्या तेलांत त्याच प्रकारचे जड सुगंधी घटक भरपूर आहेत आणि दोन्हींना मातकट वास आहे. वास हुबेहूब तोच येणार नाही. जटामांसीतली ती किंचित जनावराच्या अंगाची झाक येणार नाही, पण ती झाक आवडणारे तरी किती असतात? वाळा दीडपट करावा, नागरमोथा थोडा वाढवावा आणि गुलाबपाकळ्या कुटण्याआधी नीट सुकवाव्यात. माझ्या पत्नीने असे करून पाहिले आहे. घरातल्या कोणीही तक्रार केली नाही.

मारोठियाकर

सयाजीबाग यांच्या सल्ल्याला दुजोरा. नागरमोथा तर आपल्या मध्य प्रदेशातच पाणथळ जागी भरपूर होतो आणि त्याचे कंद काढले तरी उरलेल्या गाठींपासून तो पुन्हा फुटतो. कचोरा घेताना मात्र काळजी घ्या. कचोऱ्याच्या नावाने कपूरकाचरी देतात, आणि तीही हिमालयातलीच. ती जटामांसीइतक्या उंचीवरची नाही, पण एकीला वाचवताना दुसरीवर भार नको. चंदनाचा प्रश्न वेगळाच आहे, तो येथे उघडत नाही.

शंकेखोर

फौजी साहेबांनी ताडपत्रीखालच्या माणसांचा उल्लेख केला, तो महत्त्वाचा आहे. आपण सगळ्यांनी जटामांसी सोडली असे क्षणभर धरू. जुम्ला-हुम्ल्याच्या त्या कुटुंबांच्या हाती मग रोख रक्कम कुठून येणार? शहरातल्या चांगुलपणाची किंमत डोंगरातल्या गरिबाने चुकवायची, असे होऊ नये.

पानफूल

हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. वगळणे हे सरसकट उत्तर नाही, हे म्हणूनच मान्य करतो. जिथे गावाच्या वन उपभोक्ता गटाकडे उताराचा ताबा असतो, खणण्याचा हंगाम ठरलेला असतो आणि भाग पाळीपाळीने मोकळे ठेवले जातात, तेथून आलेला माल जास्त भावाने घेणे हे त्या कुटुंबांच्याही हिताचे आहे आणि वनस्पतीच्याही. अडचण एवढीच, की मारोठियाकरांच्या दुकानापर्यंत येताना तो माल आणि चोरटा माल एकाच गोणीत मिसळलेला असतो. हे वेगळे काढण्याची व्यवस्था इंदूरच्या महिला मंडळाच्या आवाक्यातली नाही. ज्या कारखान्यांकडे खरेदीचे वजन आहे, त्यांनी ती उभी करायला हवी, आणि ग्राहकाने त्यांना तसे विचारायला हवे. मूळ गाव, काढणीचा महिना आणि परवाना या तीन गोष्टी जो सांगू शकत नाही, त्याच्या वेष्टनावरच्या हिमालयाच्या चित्राला मी किंमत देत नाही.

दुसरा मार्ग लागवडीचा. गढवालच्या श्रीनगर येथील विद्यापीठाच्या उच्चपर्वतीय वनस्पतींच्या संशोधन केंद्राने तुंगनाथच्या आपल्या प्रक्षेत्रावर अशा वनस्पतींवर वर्षानुवर्षे काम केले आहे. बियांपासून आणि मूलकांडाचे तुकडे लावून रोपे करता येतात. मात्र तुकड्यांपासूनही काढणीला तीन-चार वर्षे लागतात, बियांपासून त्याहून अधिक. ज्याचे शेत लहान आहे त्याने तेवढी वर्षे त्या वाफ्यातून काहीच न घेता थांबायचे, आणि शेजारच्या बुग्याळावर तीच वस्तू फुकट उभी असते. लागवड वाढावी असे वाटत असेल तर हा मधला काळ त्याला कोणीतरी भरून द्यावा लागेल.

गच्चीतली बाग

एक लहानसा प्रश्न. ऑनलाइन विक्रीच्या एका ठिकाणी जटामांसीची रोपे कुंडीसह मिळतात. आपण सगळ्यांनी इंदूरमध्ये घरोघरी लावली तर?

पानफूल

नाही जगणार. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि आपला मे महिना चाळिशीच्या वर जातो. जिला हिवाळाभर बर्फाखाली झोपायची सवय आहे, ती येथे पहिल्या उन्हाळ्यातच जाईल. मैदानी भागात याच नावाने मिळणारे रोप बहुधा भलतेच काही असते. तगरीच्या शास्त्रीय नावातही 'जटामांसी' हा शब्द असल्याने विक्रेत्याला सबबही मिळते. आणि चुकून खरे रोप आले, तर ते कुठून उपटून आणले हा प्रश्न उरतोच. गच्चीवर वाळा लावा. तो आपल्या उन्हात उत्तम येतो आणि उटण्यालाही कामी येईल.

सई रामबाग (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल मंडळाच्या बैठकीत हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. फौजी साहेबांचा प्रतिसाद वाचताना सगळ्या गप्प होत्या, आणि शंकेखोर यांच्या शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ वाद झाला.

निर्णय असा झाला. यंदाच्या उटण्यात जटामांसी नाही. वाळा दीडपट, नागरमोथा वाढवून आणि कचोरा पारखून घ्यायचा. पुडीवर घटकांची यादी छापतो, तिच्याखाली 'यात जटामांसी नाही' एवढेच न लिहिता, ती का नाही हे दोन ओळींत लिहायचे काम भाचीकडे दिले आहे. सासूबाईंना आधी रुचले नव्हते, कारण त्यांच्या माहेरची कृती बदलते आहे. वैद्यबुवांचे म्हणणे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "औषधाची वस्तू औषधालाच राहू दे." घरात मागच्या वर्षीची थोडी मुळी शिल्लक आहे, ती त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली आहे.

ज्या कंपनीचे केशतेल आमच्यातल्या बऱ्याच जणी वापरतात, तिच्या ग्राहक विभागाला पानफूल काकांचे तीन प्रश्न पत्राने पाठवतो आहोत. उत्तर आले तर येथे जसेच्या तसे देईन.

मारोठियाकर भाऊ, एक विनंती. नागरमोथा तुमच्याकडेच कुटून मिळेल का? गेल्या वर्षी त्याने आमच्या मिक्सरचे पाते वाकले.

मारोठियाकर

अवश्य मिळेल, ताई. नागरमोथा आणि अनंतमूळ दोन्ही दुकानातूनच जाडसर कुटून देतो, म्हणजे पुढे गिरणीत बारीक होतील. वाळा मात्र घरी न्या, कात्रीने बोटाच्या पेराएवढा कापा आणि दोन दिवस कडक उन्हात घाला. ओलसर राहिला तर त्याचे तंतू चाळणीत अडकतात आणि निम्मा माल वाया जातो. कोजागिरी झाली की लगेच या. त्यानंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते.